आभाळाला भोक असलेलं गाव

१० एप्रिल १९७३, भिंगार

सकाळपासून हिंग बांधत होते. खडा आधी फडक्यात, मग मेणकागदात, मग डालड्याच्या रिकाम्या डब्यात, आणि तो डबा जुन्या परकरात. एवढा बंदोबस्त करूनही ट्रंक उघडली की पहिली भेट हिंगाचीच होत होती. आमची सुमन लिबियात नर्स आहे. तिने पत्रात फारसं काही मागितलं नव्हतं. हिंग, काळा मसाला आणि आई, एवढंच.

बैदा नावाच्या गावातल्या सरकारी दवाखान्यात तिचा तीन वर्षांचा करार होता. तो संपत आला होता आणि दवाखान्याने विचारलं होतं की आणखी तीन वर्षं राहतेस का. तिने आम्हाला कळवलं, “आई, तू ये, मग बोलू.” माझ्या तिकिटाचे पैसेही तिनेच पाठवले. मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवते. परीक्षा झाल्या होत्या, आणि मुलींना काजं करायला माझ्यावाचूनही येतात.

पॅकिंग चालू असताना माझे धाकटे दीर याकोबभाऊजी श्रीगोंद्याकडच्या गावाहून मुद्दाम आले. त्यांची विहीर दिवाळीतच आटली होती. त्यांची दोन्ही मुलं आमच्याकडे राहून कॉलेजात शिकत होती, ती अर्थात सुमनच्या जिवावर. भाऊजी उंबऱ्यातच बसले आणि म्हणाले, “वहिनी, पोरीला म्हनावं, आजून तीन वर्सं काढ. हितं येऊन काय करनार हाय ती? रेशनच्या मिलोची भाकर खायाला यायचंय व्हय?”

“तिला विचारते,” मी म्हणाले.

“इचारायचं न्हाई. सांगायचं.”

आमचे हे छावणीच्या स्टोअरमध्ये नोकरीला आहेत. तिथे सगळं मोजून द्यायचं असतं, ती सवय बोलण्यालाही लागली आहे. ते म्हणाले, “बघ काय ते.” आमच्या घरात याचा अर्थ ठराव मंजूर असा होतो.

अशी मी हिंग आणि निरोप दोन्ही घेऊन निघाले.

बेनगाझी

विमानप्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. बसतात, खातात, उतरतात. कैरोला विमान बदलावं लागतं आणि तिथे कोणीही तुम्हाला विचारत नाही की तुम्ही कुठल्या.

बेनगाझीच्या विमानतळावर मात्र फार विचारतात. सगळ्या पाट्या अरबीत. इंग्रजी अक्षर दिसेना. अरबीत ‘प’ हे अक्षरच नाही, हे मला तिथे कळलं. कस्टमच्या तरुण अधिकाऱ्याने पापडाची चळत वर धरून विचारलं, “बाबाद?” मी म्हटलं, “पापड.” तो म्हणाला, “हां, बाबाद.” त्याने एक पापड उजेडाकडे धरून आरपार काही दिसतं का पाहिलं.

मग त्याने परकर उलगडला.

डालड्याचा डबा उघडताच तो दोन पावलं मागे सरला. शेजारच्या टेबलावरचा अधिकारी आला, त्याने वास घेतला, तोही मागे सरला. तिसरा आला. मी खाण्याची खूण करून दाखवली. त्यांना ते पटलं नाही. शेवटी एक पिकल्या मिशांचे साहेब आले. त्यांनी डबा नाकाशी नेला, डोळे मिटले आणि म्हणाले, “हिल्तीत!” मग आपल्या पोटावर हात फिरवला, तान्ह्या मुलाला जोजवल्याची खूण केली आणि हवेत कोणाला तरी हाकलून दिलं. मी ताडलं, की हिंग त्यांच्याकडे पोटदुखीवर आणि भुताखेतांवर चालतो. मी दोन्हीला मान हलवली. ट्रंकेवर खडूची फुली पडली आणि मी लिबियात शिरले.

बैदा

सुमन बाहेर उभी होती. वाळली नव्हती, उलट जरा भरली होती. मी आधी तेच पाहिलं. पायांवर डोकं ठेवण्याची आमच्यात पद्धत नाही. तिने माझ्या हातातली ट्रंक घेतली आणि म्हणाली, “लांबूनच कळलं, हिंग आणलास.”

बेनगाझीहून बैद्याला जाणारा रस्ता डोंगर चढतो. त्या डोंगराचं नावच हिरवा डोंगर. मला वाटलं, वाळवंटातल्या लोकांनी हौसेने ठेवलं असेल. पण तो खरोखर हिरवा निघाला. तांबडी माती, मध्ये जव, बांधावर तांबडी-पिवळी फुलं, आणि मेंढ्या अशा गुबगुबीत की आपल्याकडच्या मेंढपाळाला सांगितलं तर तो आपल्यालाच खोटारडं म्हणेल. आमच्या नगर जिल्ह्यात त्याच दिवशी बायका दुष्काळी कामाच्या रस्त्यावर खडी फोडत होत्या. मी गाडीची काच वर केली आणि पापड फुटले नाहीत ना ते बघितलं.

सुमनची खोली दवाखान्याच्या मागच्या इमारतीत होती. स्वच्छ, पंखा नाही, कारण लागत नाही. पाव रोज ताजा मिळे. पहिल्या दिवशी कौतुक वाटलं, चौथ्या दिवशी मी तवा मागितला. सुमनकडे तवा होता. तीन वर्षं झाली तरी ती भाकरीच करत होती, जवाच्या पिठाची. थापताना कडेला फुटायच्या. मी काही बोलले नाही. ती म्हणाली, “बोल की. फुटतात ना?” मी म्हटलं, “फुटतात.” तिला बरं वाटलेलं दिसलं.

खालच्या मजल्यावर फहमी मास्तर राहत. मूळचे इजिप्तचे, तिथल्या शाळेत इतिहास शिकवायला आलेले. बुटके, टापटीप, हातात कायम काळी छत्री. दर शुक्रवारी सुट्टी असली की आपल्या जुन्या फियाटमधून कोणाला तरी जुनी शहरं दाखवायला नेत. नेण्यासारखे पाहुणे त्यांना क्वचितच मिळत, त्यामुळे मला पाहून ते हरखले. त्यांचं इंग्रजी शाळेतलं आणि माझंही शाळेतलंच, त्यामुळे आमचं जमलं. एका रात्री सुमनने त्यांना आमटी-भाताला बोलावलं. ते म्हणाले, “मदाम, यात एक चव आहे ती मला कुठल्या तरी पुस्तकात भेटली आहे.” असं बोलणारा माणूस आमच्या घराण्यात नाही.

दवाखान्याला उत्तर शनिवारी सकाळी द्यायचं होतं. गुरुवार रात्रीपर्यंत त्यावर आम्ही दोघी एक शब्द बोललो नव्हतो. सुमन ड्यूटीवरून येई, मी स्वयंपाक केलेला असे, ती म्हणे, छान झालंय. तीन वर्षांत ती पाहुण्यासारखं बोलायला शिकली होती.

शहात

शुक्रवारी निघालो. तो नेमका उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे होता. बैद्यात आमचं चर्च नाही. एरवी त्या दिवशी मी भिंगारला दुपारच्या उपासनेत बसलेली असते. तिथे दरवर्षी त्या माणसाचं नाव वाचतात, ज्याला वाटेवरून पकडून दुसऱ्याचा, म्हणजे येशूचा, क्रूस उचलायला लावला. मराठीत त्याला ‘कुरेनेकर’ म्हटलं आहे. लहानपणी मला वाटे, हे आपल्याकडचंच आडनाव. संगमनेरकर, जामखेडकर, तसे कुरेनेकर. आमच्या ओळीत एक पारनेरकर बसत आणि ते नाव वाचलं की मी त्यांच्याकडे बघायची. त्यांचेच कोणी पाहुणे असतील असा माझा समज होता.

मोटारीत फहमी मास्तर म्हणाले, आज आपण जे शहर बघणार ते कुरेने. मी सुमनला म्हटलं, “म्हणजे खरंच गाव आहे?”

“तुला काय वाटलं?”

“पारनेरजवळ असेल.”

आज त्या गावाला शहात म्हणतात. डोंगराच्या अगदी कडेवर आहे. जमिनीवर दगडी खांब आडवे पडलेले, एकेक खांब म्हणजे आमच्या घराची भिंत. भूकंपात पडले ते पडले, कोणी उचलले नाहीत. शेळ्या त्यांच्यावर चढून चरत होत्या. आणि पलीकडे डोंगर एकदम तुटून खाली, फार खाली, समुद्र.

फहमी मास्तरांनी आम्हाला एका कड्यापाशी नेलं. खडकातून झरा येत होता. पाणी गार होतं. एप्रिलमध्ये वाहतं पाणी बघून मला जरा चीड आली. त्यांनी छत्री काखेत मारली आणि वर्गात सुरू करतात तसं सुरू केलं.

अडीच हजार वर्षांहून जुनी गोष्ट. ग्रीक लोकांचं थेरा नावाचं बेट होतं. देवाने त्यांना आज्ञा केली की लिबियात जाऊन वस्ती करा. ते गेले नाहीत, कारण लिबिया कुठे आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं. (दहा एप्रिलपर्यंत माझीही तीच स्थिती होती.) मग बेटावर सात वर्षं पाऊस पडला नाही. एक सोडून सगळी झाडं वाळली.

“कुठलं राहिलं?” मी विचारलं.

“ते लिहिलेलं नाही, मदाम.”

आमच्याकडे बाभूळ राहिली असती. पण मी त्यांना पुढे जाऊ दिलं.

शेवटी बेटकऱ्यांनी ठरवलं की काही माणसं पाठवायची. ज्या घरात दोन भाऊ, त्यातल्या एकाने जायचं, चिठ्ठी टाकून. चिठ्ठी निघाली आणि गेला नाही तर मृत्यूची शिक्षा. लपवणाऱ्यालाही तीच, मग तो बाप असो की भाऊ.

“आणि बहिणी?” सुमनने विचारलं.

“बहिणींची नोंद नाही,” फहमी मास्तर म्हणाले.

सुमन माझ्याकडे बघून म्हणाली, “आपल्याकडे चिठ्ठी टाकली नव्हती, नाही?”

“तुझं नर्सिंग झालेलं होतं,” मी म्हणाले. “दुसऱ्या कोणाला कोण बोलावणार?”

तर ती माणसं होड्यांत बसून निघाली. इकडचा किनारा लांबूनच पाहिला, जीव घाबरला, परत फिरली. बेटावर लोक किनाऱ्यावर जमले होते. होड्या जवळ येताच त्यांनी हाताला लागेल ते फेकून मारायला सुरुवात केली. उतरू दिलं नाही. ओरडून सांगितलं, तुम्ही तिकडचे, तिकडेच जा.

सुमनने विचारलं, “किनाऱ्यावर त्यांचे आईबाप पण होते का?”

फहमी मास्तरांनी थोडा विचार केला. “असणारच. बेट लहान आहे.”

झऱ्यावर एक शेळी आली, पाणी प्याली, गेली.

पुढची गोष्ट अशी की ते लोक पुन्हा इकडे आले. आधी एका खडकाळ बेटावर राहिले, मग किनाऱ्यावर, दोन्हीकडे हाल झाले. तेव्हा इथल्या स्थानिक लोकांनी त्यांना सांगितलं, चला, याहून चांगली जागा दाखवतो. आणि त्यांना डोंगरावर, या झऱ्यापाशी आणून म्हणाले, इथे राहा, इथे आभाळाला भोक आहे.

मी सुमनला मराठीत म्हटलं, “बघ, कशी माणसं. आभाळ फाटलं असेल तिथे पाहुण्यांना आणून बसवलं. आणि हे बसले!”

सुमन हसायला लागली. ती थांबेना. इतक्या दिवसांत प्रथमच तशी हसली. फहमी मास्तर वाट बघत उभे होते. तिने त्यांना समजावलं की आमच्या भाषेत आभाळ फाटलं म्हणजे सगळ्या बाजूंनी संकट कोसळलं, ठिगळ लावायलाही जागा उरली नाही. मास्तर गडबडले. “नाही, नाही, मदाम! भोक म्हणजे पाऊस! वरून गळतं! फार चांगली गोष्ट आहे!”

तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. मी शिवणबाई असून मला कळलं नव्हतं. आमच्या जिल्ह्याचं आभाळ फार पक्कं शिवलेलं आहे. सह्याद्रीच्या अलीकडे आलं की टाका उसवत नाही. तिकडच्यांना ते उसवलेलं सापडलं, म्हणून त्यांनी शहर वसवलं.

थेंब आले. खोटं सांगत नाही, त्याच वेळी आले. फहमी मास्तरांनी छत्री उघडली आणि अशा चेहऱ्याने उभे राहिले, जणू पावसाची नेमणूक त्यांच्याच खात्यात होती.

छत्रीखाली तिघांनी उभं राहून बाकीचा इतिहास ऐकला. शहर बरकतीला आलं. इथे एक रानटी झुडूप उगवायचं, त्याचा चीक साऱ्या जगात चांदीच्या भावाने खपायचा, मसाल्यात आणि औषधात. नाण्यांवर राजाचं नव्हे, त्या झुडपाचं चित्र असायचं. लागवड करून ते कधी उगवलं नाही, आणि लोकांनी उपटून उपटून शेवटी ते संपवलं. मग जग त्याच्या जागी दुसरा एक चीक वापरू लागलं, हलका, उग्र वासाचा, इराणकडून येणारा.

फहमी मास्तर थांबले. छत्री सुमनच्या हातात देऊन त्यांनी कपाळाला हात लावला. “ती आमटी!”

म्हणजे हिंग. राजेरजवाड्यांना जे मिळेनासं झालं त्याच्या बदली कामगाराला मी डालड्याच्या डब्यात घेऊन आले होते.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. पुढे केव्हातरी ग्रीसमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा कुरेनेने गावोगावी धान्य पाठवलं. कोणाला किती ते दगडावर कोरून ठेवलं आहे. त्यात थेरासुद्धा आहे.

“मारून हाकलून दिलं त्यांनाच?” मी म्हणाले.

“मनिऑर्डर,” सुमन म्हणाली आणि छत्री मिटली. पाऊस थांबला होता.

सुसा

शहातचं बंदर खाली समुद्रावर होतं. आता तिथे सुसा नावाचं लहानसं गाव आहे. रस्ता नागमोडी उतरतो. फहमी मास्तर वळणावर बोलतात आणि बोलताना मागे वळून बघतात, एवढं सोडलं तर प्रवास चांगला झाला.

जुनं बंदर पाण्यात गेलेलं आहे. जमीनच खचली. काठावर उभं राहिलं की निळ्या पाण्याखाली भिंती दिसतात, दारं दिसतात, पायऱ्या उतरत उतरत खाली जातात आणि मासे त्यांच्यावरून ये-जा करतात. काठावर एका जुन्या चर्चचे हिरवट संगमरवरी खांब उभे आहेत. छप्पर नाही, भिंत नाही. उत्तम शुक्रवार असल्यामुळे आम्ही दोघी तिथे थोडा वेळ गप्प उभ्या राहिलो. फहमी मास्तर लांब जाऊन समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. मला ते आवडलं.

त्यानंतर माझी चप्पल बंदरात पडली. खडक शेवाळलेला होता. पाय घसरला, मी सावरले, चप्पल गेली. नगरच्या कापडबाजारातून नवी घेतली होती. ती ग्रीकांच्या गोदीवरून सावकाश तरंगत निघाली. फहमी मास्तरांनी विजार गुडघ्यापर्यंत वर केली, पाण्यात उतरले आणि छत्रीच्या मुठीने तिला काठाशी ओढून आणलं. ओली चप्पल दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरून म्हणाले, “मदाम, या बंदरात बऱ्याच वर्षांनी माल उतरला.”

दुपारी त्यांच्या एका विद्यार्थ्याच्या आजीकडे जेवण होतं. सगळे तिला हज्जा म्हणत, म्हणजे मक्केला जाऊन आलेली. ऐंशीच्या घरातली, काळ्या कपड्यांतली, ताठ. जमिनीवर मोठं ताट मांडलेलं, सगळ्यांनी भोवती बसून एकातच खायचं. भाजलेली मासळी, पाव, आणि रानातला पाला उकडून वर ऑलिव्हचं तेल आणि लिंबू. आपल्या तांदुळज्यासारखा लागला. फोडणी हवी होती. मी तसं सुमनला म्हटलं, सुमनने हज्जाला अरबीतून सांगितलं, आणि हज्जाने सांगितलं की ही भाजी इथले लोक खात नाहीत, शेळ्यांना घालतात. आमच्याकडे खातात.

“आमच्याकडे म्हणजे?” मी विचारलं.

हज्जा क्रीट बेटावरची. तिकडे ग्रीक लोक आणि मुसलमान यांच्यात दंगे झाले, तेव्हा तिचे आईबाप तिला घेऊन पळाले आणि या किनाऱ्यावर उतरले. ती तेव्हा परकरी पोर होती. धर्म मुसलमान, बोली ग्रीक. सुसा गावात अशी बरीच घरं आहेत. अजून म्हाताऱ्या आपसांत भांडतात ते ग्रीकमध्येच. अख्खा जन्म इथे गेला तरी गाव तिच्या घराला ‘क्रीतली’ म्हणतं.

“क्रीतली म्हणजे क्रीटकर,” सुमनने मला समजावलं.

मी पावाचा तुकडा हातात धरून बसले. पारनेरात राहणाऱ्याला कोणी पारनेरकर म्हणत नाही. पारनेर सोडून भिंगारला आला की तो पारनेरकर होतो. कुरेनेकरही तसाच. कुरेनेत असता तर त्याला काहीतरी साधं नाव असतं. दूरच्या गावी रस्त्यावर सापडला, म्हणून कुरेनेकर.

मी हज्जाला विचारायला सांगितलं की परत जावंसं वाटलं नाही का.

हज्जाने मासळीचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. सुमन तिचं बोलणं तोडून तोडून मला सांगत होती. “ती म्हणते, बाप म्हणायचा की ऑलिव्हं उतरायच्या आधी जाऊ. पहिली काही वर्षं शेजारी विचारायचे, कधी जाणार. मग विचारायचे थांबले. तेव्हा कळलं, की आता नाही जाणार.”

मग हज्जाने माझ्याकडे बोट करून सुमनला काही विचारलं. सुमनने पाण्याचा पेला उचलला, प्यायली नाही, खाली ठेवला.

“काय म्हणतात?” मी विचारलं.

“विचारतात, तुम्ही मुलीला न्यायला आलात का?”

फहमी मास्तरांना अरबी कळत होतंच. ते ताटातला पाला निरखू लागले.

याकोबभाऊजींचा निरोप माझ्याजवळ होता. तो सांगायला याहून सोयीची वेळ नव्हती. सुमनच त्याचं भाषांतर करणार होती. तिने तो हज्जाला अरबीत सांगितला असता, हज्जाने मान हलवली असती आणि आम्ही फळं खाल्ली असती. मुलीचा चेहरा तीन वर्षांत फार कोरा झाला होता. पेशंटचा ताप मोजणाऱ्या नर्सचा चेहरा. ती माझा ताप मोजत होती.

“तुला यायचंय का?” मी विचारलं.

“आई, त्यांनी तुला विचारलंय.”

“आधी तू सांग.”

“तीन वर्षांत मी कोणाशी भांडले नाही,” सुमन म्हणाली. “इथे सगळे चांगले आहेत. पगार चांगला, माणसं चांगली. पण भांडायचं तर शब्द शोधावे लागतात, आणि शब्द सापडेपर्यंत राग जातो. परवा एका बाईचं मूल दगावलं. तिच्याजवळ बसले तर अशा वेळची मला दोनच वाक्यं येत होती. मी ती दोनच सारखी म्हणत राहिले.” ती थांबली. “आता सांग. आणि नीट सांग, मी दोनदा भाषांतर करणार नाही.”

“हो म्हणावं,” मी म्हणाले. “न्यायला आले आहे.”

सुमन हज्जाकडे वळली आणि म्हणाली, “ऐवा.” एकच शब्द. मी विचारलं, एवढंच? ती म्हणाली, एवढंच असतं.

हज्जाने ताटातला मासळीचा सगळ्यात चांगला तुकडा काढून माझ्यासमोर ठेवला. नको म्हणायची तिथे पद्धत नाही.

परतताना चढावर फियाट कुरकुरत होती. आम्ही दोघी मागे बसलो होतो.

“आता काकांनी काय सांगितलं होतं ते सांग,” सुमन म्हणाली.

“आणखी तीन वर्षं.”

“आणि बाबा?”

“बाबा काकांशेजारी बसले होते.”

तिने बाहेर बघितलं. खाली समुद्र मागे पडत होता. “पोरांच्या कॉलेजचं काय करायचं?”

“तुझा काका तीन माणसांचं खातो आणि चौघांचं बोलतो. करेल काहीतरी. सिव्हिल हॉस्पिटलात तुला नोकरी मिळेल. पगार इतका मिळणार नाही.”

“आणि सगळे माझ्यावर चिडतील.”

“चिडतील. तुला भांडायचंच होतं ना?”

पुढच्या सीटवरून फहमी मास्तरांनी वळणावर मागे वळून विचारलं, काही अडचण आहे का, मदाम. आम्ही दोघी एकदम ओरडलो, पुढे बघा.

बैदा, शनिवार

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमनने युनिफॉर्मला इस्त्री केली आणि दवाखान्याच्या ऑफिसात जाऊन राहत नाही म्हणून सांगून आली. मी बरोबर गेले नाही. नोकरी तिची होती. तेवढ्या वेळात मी तारऑफिसात गेले. फॉर्मवर इंग्रजीत लिहिलं, सुमन माझ्याबरोबर येते. काचेमागच्या कारकुनाने ते वाचलं, पेन्सिलीने शब्द मोजले आणि म्हणाला, एवढ्याच पैशात अजून शब्द बसतात, घरच्यांना सलाम, खुशाली, काही लिहायचं असेल तर लिहा.

मी म्हटलं, नको. घरचेच आहेत.